जुन्या मोटारसायकलीचे एंजिन : पुन्हा बांधावे की जपून ठेवावे?

बंद पडलेले यंत्र म्हणजे संपलेले यंत्र, असे पुष्कळांना वाटते. हाताशी पैसा आणि अंगी चिकाटी असली की कोणतेही यंत्र पुन्हा चालू करता येते, असेही अनेकांना वाटते. दोन्ही समजुती सारख्याच महाग पडतात. बिघडलेल्या यंत्राविषयीचा निर्णय डोळ्यांनी किंवा मनाने घेता येत नाही; तो मोजून घ्यावा लागतो. पन्नास-साठ वर्षांपूर्वीच्या मोटारसायकलीचे नादुरुस्त एंजिन हे याचे चांगले उदाहरण आहे.

नवी दिल्लीतील सरोजिनी नगर ही केंद्र सरकारच्या नोकरवर्गासाठी वसविलेली वसाहत होय. पूर्वी हा परिसर विनय नगर या नावाने ओळखला जात असे. येथील जुन्या घरांतून देशाच्या सर्व भागांतून बदलीवर आलेली कुटुंबे राहून गेली. २०१६ साली केंद्रीय मंत्रिमंडळाने सरोजिनी नगरासह दिल्लीतील सात सरकारी वसाहतींच्या पुनर्बांधणीस मान्यता दिली आणि पुढे जुनी घरे पाडून त्या जागी बहुमजली इमारती उभारण्याचे काम सुरू झाले. असे घर सोडण्याची वेळ आली की जिन्याखाली किंवा कडुनिंबाच्या सावलीत वर्षानुवर्षे उभी असलेली मोटारसायकल एकाएकी प्रश्न होऊन बसते. घरातील वडील माणसाने ती पगारातून पैसे बाजूला टाकून घेतलेली असते. आता तिचे एंजिन जाम झालेले असते. भंगारवाला दाराशी उभा असतो, एखादा कारागीर ‘नवीच करून देतो’ असे सांगतो, आणि घरात एकमत होत नाही. निर्णय लवकर घ्यावयाचा असतो आणि तो घेतल्यावर बहुधा फिरविता येत नाही. भट्टीत वितळलेले एंजिन परत मिळत नाही, आणि आडदांडपणे खोललेले एंजिनही पूर्वस्थितीला येत नाही.

यंत्राची ओळख

पहिला प्रश्न असा की, समोर असलेले यंत्र कोणते आणि त्याचे सुटे भाग मिळतात काय? दिल्लीच्या रस्त्यांवर त्या काळी प्रामुख्याने तीन जातींच्या मोटारसायकली दिसत. ‘बुलेट’ ही मूळची इंग्लंडमधील रेडिच येथील रॉयल एनफील्ड कंपनीची. या कंपनीने मद्रास मोटर्स यांच्याबरोबर १९५५ साली भागीदारी करून एनफील्ड इंडिया ही कंपनी स्थापन केली व मद्रासजवळ तिरुवोट्टियूर येथे कारखाना उभारला. ‘राजदूत’ ही पोलंडमधील एसएचएल मोटारसायकलीच्या आराखड्यावरून दिल्लीशेजारील फरिदाबादच्या एस्कॉर्ट्स कंपनीने आणली. ‘जावा’ मूळची चेकोस्लोव्हाकियातील. ती म्हैसूरच्या आयडियल जावा कंपनीने बनविली आणि पुढे ‘येझ्दी’ या नावाने तिचे उत्पादन १९९६ पर्यंत चालविले.

यांपैकी बुलेटची स्थिती विशेष आहे. रेडिचचा कारखाना १९६७ मध्ये बंद पडला. परंतु त्याच घडणीचे ओतीव लोखंडी सिलिंडरचे एंजिन भारतात किरकोळ सुधारणांसह चालू शतकाच्या पहिल्या दशकापर्यंत तयार होत होते. त्यामुळे जुन्या बुलेटचे पिस्टन, रिंगा, व्हॉल्व्ह व बेअरिंगे दिल्लीतील करोल बाग व काश्मिरी गेट येथील बाजारांत शोधल्यास सापडतात. एखाद्या दुर्मिळ परदेशी मोटारसायकलीचा तोच पिस्टन मिळविण्यासाठी वर्ष घालवावे लागते. म्हणून खोलण्यापूर्वीच कोणते भाग मिळतात याची यादी करावी. पुढील विवेचनात ३५० सीसीची बुलेट हे उदाहरण घेतले आहे. तिच्या सिलिंडरचा व्यास ७० मिलिमीटर व पिस्टनची धाव ९० मिलिमीटर असून त्यावरून तिचे घनफळ सुमारे ३४६ घनसेंटिमीटर येते.

एंजिन जाम का होते?

सिलिंडर ओतीव लोखंडाचा असतो व पिस्टन ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचा. उष्णतेने दोन्ही प्रसरण पावतात, परंतु सारख्या प्रमाणात नव्हे. तापमान १०० अंशांनी वाढले तर ७० मिलिमीटर व्यासाचा पिस्टन सुमारे ०.१५ मिलिमीटरने फुगतो. तितक्याच तापमानवाढीने लोखंडी सिलिंडर मात्र सुमारे ०.०८ मिलिमीटरनेच रुंदावतो. शिवाय पिस्टनच्या माथ्यावर प्रत्यक्ष ज्वाला असते आणि सिलिंडरला बाहेरून वारा लागतो, म्हणजे पिस्टन अधिक तापतो. दोहोंमध्ये ठेवलेली फट मिलिमीटरच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास असते. वंगण कमी पडले, मिश्रणात पेट्रोलचे प्रमाण घटले किंवा ठिणगी वेळेवर पडली नाही, तर ही फट नाहीशी होते. धातू धातूवर घासतो, ॲल्युमिनियम मऊ होऊन लोखंडाला चिकटते आणि पिस्टन अडकतो. मोटारसायकल वेगात असताना असे घडले तर मागचे चाक एकदम आवळले जाते. सवारास क्लच दाबण्यास क्षणार्धच मिळतो. एंजिन नीट बांधले आहे किंवा नाही, हा प्रश्न केवळ पैशाचा नाही तो यामुळेच.

उभ्या राहिलेल्या एंजिनाचा आजार निराळा असतो. दिल्लीत उन्हाळ्यात तापमान ४५ अंशांपर्यंत चढते, पावसाळ्यात हवा दमट होते व हिवाळ्यात रात्री दव पडते. तापणाऱ्या व निवणाऱ्या धातूवर आतल्या बाजूस पाण्याचे सूक्ष्म थेंब जमतात. जुन्या तेलात ज्वलनातून आलेली आम्ले असतात. पाणी व आम्ल मिळून सिलिंडरच्या भिंतीवर गंज चढतो आणि रिंगा भिंतीला धरून बसतात. असा पिस्टन घट्ट बसलेला दिसला, तरी आतील झीज थोडी असू शकते. म्हणजे बाहेरून सारखीच ‘जाम’ दिसणारी दोन एंजिने आतून अगदी वेगळी असू शकतात. एकाला तेल व आठवडाभराची सबुरी पुरते, तर दुसऱ्याला नवा सिलिंडर लागतो.

म्हणून अशा एंजिनाच्या किकवर उभे राहून उड्या मारू नयेत. प्लग काढून त्या छिद्रातून गंज सोडविणारे पातळ तेल सोडावे, ते काही दिवस मुरू द्यावे आणि मग टॉप गिअर टाकून मागचे चाक हाताने हळूहळू पुढे-मागे हलवून पाहावे. खालचे तेल स्वच्छ भांड्यात काढावे. ते दुधाळ दिसले तर आत पाणी शिरले आहे. त्यात चकचकीत कण दिसले तर बेअरिंगाचा किंवा पिस्टनचा धातू झडला आहे. या दोन सोप्या परीक्षांना काहीच खर्च येत नाही, आणि त्यांतून पुष्कळ कळते.

सिलिंडरची झीज

एंजिन खोलून रॉकेलने धुतल्यावर मोजमापाला आरंभ होतो. सिलिंडर सर्वत्र सारखा झिजत नाही. पिस्टन वरच्या टोकाला पोहोचतो तेव्हा क्षणभर थांबतो. गती नसल्यामुळे तेथे तेलाचा पातळ थर टिकत नाही, आणि नेमक्या त्याच वेळी ज्वलनाचा दाब रिंगांना भिंतीवर रेटीत असतो. यामुळे वरच्या रिंगेच्या पट्ट्यात झीज सर्वांत जास्त आढळते. शिवाय कनेक्टिंग रॉड तिरका होताना पिस्टनला पुढच्या व मागच्या भिंतीवर ढकलतो, त्यामुळे मूळचा गोल किंचित लंबगोल होतो. म्हणून सिलिंडरचा व्यास वर, मध्ये व खाली अशा तीन ठिकाणी, आणि प्रत्येक ठिकाणी पुढून मागे व डावीकडून उजवीकडे अशा दोन दिशांनी मोजतात. या सहा आकड्यांत सिलिंडरची सर्व हकीकत येते.

समजा, वरचा व्यास ७०.३८ मिलिमीटर व तळचा ७०.०५ मिलिमीटर भरला. बाजारात मूळ मापाहून पाव, अर्धा, पाऊण व एक मिलिमीटर मोठे पिस्टन मिळतात. पाव मिलिमीटरचा पिस्टन येथे निरुपयोगी होय, कारण भिंत आधीच त्याहून अधिक झिजली आहे. सिलिंडर अर्धा मिलिमीटर मोठा कोरून ७०.५० च्या पिस्टनला जुळविला, तर नवा, गोल व सरळ पृष्ठभाग मिळतो. कारागीर यालाच ‘बोअर करणे’ म्हणतात.

आता दुसरे उदाहरण पाहू. रिंगेच्या तुकड्याने भिंतीवर ०.६० मिलिमीटर खोल चर पाडली आहे. पाहणारा म्हणेल, एक मिलिमीटरचा पिस्टन घातला की झाले. परंतु सिलिंडर मध्यबिंदूभोवती कोरला जातो. एका बाजूची ०.६० मिलिमीटर खोल चर घालविण्यासाठी व्यास १.२० मिलिमीटरने वाढवावा लागतो. सर्वांत मोठा पिस्टनही तेथे अपुरा पडतो. अशा वेळी सिलिंडर बराच मोठा कोरून त्यात लोखंडी नळी, म्हणजे स्लीव्ह, दाबून बसवितात व ती पुन्हा मूळ ७० मिलिमीटरला आणतात. थोडक्यात, सिलिंडर कितीही झिजला तरी त्यावर बहुधा उपाय असतो. बोअर केल्याने एंजिनाचे बळ फारसे बदलत नाही. एक मिलिमीटर वाढविल्यावरही घनफळ ३४६ वरून केवळ ३५६ घनसेंटिमीटर होते. राजदूत व जावा यांच्या दोन धावांच्या एंजिनांत सिलिंडरच्या भिंतीलाच वायूच्या येण्याजाण्याच्या खिडक्या असतात, म्हणून तेथे स्लीव्ह बसविणे अधिक कौशल्याचे काम ठरते.

क्रँक आणि कनेक्टिंग रॉड

खालचा भाग याहून नाजूक असतो. कनेक्टिंग रॉड हातात धरून वर-खाली हलविला असता खडखड जाणवली, तर मोठ्या टोकाचा बुश झिजला आहे असे समजावे. तो बाजूला थोडा सरकतो, हे मात्र स्वाभाविक आहे. नवा कारागीर पुष्कळदा या दोहोंत गोंधळ करतो. बुलेटचा क्रँक अनेक भाग एकमेकांत दाबून बसविलेला असतो. बुश बदलावयाचा तर तो दाबयंत्राखाली सुटा करावा लागतो आणि पुन्हा जोडल्यावर दोन्ही बाजूंचे दांडे एका सरळ रेषेत आहेत किंवा नाहीत, हे घड्याळी मापकाने पाहावे लागते. येथे मिलिमीटरच्या काही शतांशांचा फरकही चालत नाही. मनुष्याचा केस साधारणपणे ०.०७ मिलिमीटर जाड असतो, यावरून या कामाची बारकाई ध्यानी येईल.

कनेक्टिंग रॉडच्या बाबतीत आणखी एक गोष्ट लक्षात घेतली पाहिजे. बुलेटचा रॉड हलक्या ॲल्युमिनियम मिश्रधातूचा असतो. एंजिन मिनिटाला ३,००० फेरे करीत असेल, तर एका तासात ते १,८०,००० फेरे करते, आणि प्रत्येक फेऱ्यात रॉडवर ताण व दाब आलटून पालटून येतात. पोलादावरील ताण ठरावीक मर्यादेच्या आत राहिला तर ते अशा हेलकाव्यांना जवळजवळ अमर्याद काळ तोंड देऊ शकते. ॲल्युमिनियमला अशी स्पष्ट मर्यादा नसते. ते हळूहळू थकत जाते. ज्या रॉडचे मागील आयुष्य कोणालाच ठाऊक नाही तो दिसावयास धडधाकट असला तरी नवा घालणे शहाणपणाचे. तुटलेला रॉड क्रँककेस फोडून बाहेर येतो, आणि मग वाचविण्यासारखे काहीच उरत नाही.

निर्णायक भाग : क्रँककेस

पिस्टन, रिंगा, व्हॉल्व्ह, बुश, बेअरिंगे आणि साखळ्या हे झिजण्यासाठीच केलेले भाग आहेत. ते बदलल्याने यंत्राची ओळख बदलत नाही. क्रँककेसची, म्हणजे सर्व भागांना धरून ठेवणाऱ्या ॲल्युमिनियमच्या कवचाची गोष्ट वेगळी. एंजिनाचा क्रमांक त्यावरच ठोकलेला असतो व नोंदणीपुस्तकात तोच लिहिलेला असतो. बेअरिंगांची घरे त्यातच कोरलेली असतात, आणि बुलेटमध्ये तर तेलाची टाकीही त्याच्याच पोटात असते. ते शाबूत असेल तर बाकीचे एंजिन त्याच्याभोवती पुन्हा उभे करता येते. ते गेले तर उरतो तो सुट्या भागांचा ढीग. म्हणून परीक्षेत सर्वांत अधिक वेळ येथेच द्यावयास हवा.

बारीक तडा डोळ्यांना दिसत नाही. तो शोधण्याची एक जुनी व साधी रीत आहे. स्वच्छ केलेला भाग रॉकेलमध्ये काही तास बुडवून ठेवतात, मग पूर्ण कोरडा पुसतात व त्यावर खडूची बारीक भुकटी पसरतात. तड्यात शिरलेले रॉकेल हळूहळू बाहेर पाझरते आणि पांढऱ्या भुकटीवर काळसर रेघ उमटते. हेच तत्त्व वापरून आजच्या कारखान्यांत रंगीत द्रव वापरतात. पोलादी भागांसाठी मात्र चुंबकाची रीत आहे : चुंबकित केलेल्या भागावर लोहचूर्ण टाकले असता ते तड्याच्या रेषेवर गोळा होते.

तडा सापडला म्हणून आशा सोडण्याचे कारण नाही. तो कोठे आहे, यावर सर्व अवलंबून असते. बोल्टाच्या कानाजवळचा किंवा बाहेरच्या पातळ भिंतीतील तडा ऑर्गॉन वायूच्या आवरणाखाली जोडून घेता येतो. परंतु जुन्या ओतकामाच्या सूक्ष्म छिद्रांत तेल मुरलेले असते. ते आधी काढून टाकले नाही तर जोड फेसाळतो व ठिसूळ होतो. तडा बेअरिंगाच्या घरातून गेलेला असेल तर प्रश्न गंभीर होय. जोडकामाच्या उष्णतेने कवच वेडेवाकडे होते, आणि दोन्ही बाजूंची घरे पुन्हा एका रेषेत कोरणारा कारागीर व यंत्र मिळाल्याखेरीज त्या कामात हात घालू नये.

कायदा काय म्हणतो?

दिल्ली व परिसरात आणखी एक गोष्ट विचारात घ्यावी लागते. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाच्या आदेशांस अनुसरून सर्वोच्च न्यायालयाने २९ ऑक्टोबर २०१८ रोजी राष्ट्रीय राजधानी क्षेत्रात पंधरा वर्षांहून जुन्या पेट्रोल वाहनांच्या वापरास मनाई केली. या नियमाच्या अंमलबजावणीसंबंधी २०२५ मध्ये न्यायालयाचे नवे आदेश निघाले. म्हणून परिवहन कार्यालयातून त्या वेळची स्थिती जाणून घेतल्याशिवाय खर्चास आरंभ करू नये. उत्तम बांधलेले एंजिनही रस्त्यावर आणता येत नसेल, तर मालकाची निराशा दुप्पट होते.

पन्नास वर्षांहून जुन्या वाहनांस मात्र वेगळा मार्ग आहे. केंद्र सरकारने जुलै २०२१ मध्ये ‘व्हिंटेज’ वाहनांच्या नोंदणीचे नियम प्रसिद्ध केले. त्यांनुसार असे वाहन मूळ स्वरूपात राखलेले असावे लागते. त्याच्या सांगाड्यात, बाहेरील कवचात किंवा एंजिनात मोठा फेरबदल झालेला नसावा. नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये असून ती दहा वर्षे चालते. असे वाहन प्रदर्शने, मेळे, तांत्रिक संशोधन, इंधन भरणे व देखभाल यांपुरतेच रस्त्यावर आणता येते. रोजच्या वापरासाठी नव्हे. याचा अर्थ असा की, मूळ मापाने व मूळ घडणीच्या भागांनी केलेली दुरुस्ती आणि एंजिनाचे रूपच पालटणारा बदल यांत कायद्याच्याही दृष्टीने अंतर आहे. जुन्या क्रँककेसऐवजी भंगारबाजारातील दुसरी बसविणे सोपे वाटते, परंतु त्याबरोबर क्रमांक बदलतो. जुना क्रमांक नव्या कवचावर ठोकणे हा तर गुन्हा होय.

तीन उत्तरे

एवढी माहिती हाती आली म्हणजे निर्णय आपोआप स्पष्ट होऊ लागतो. क्रँककेस शाबूत आहे, सुटे भाग मिळतात, क्रँक सरळ करणारा कारागीर आहे आणि वाहन कायदेशीरपणे वापरता येते, अशा चारही गोष्टी जुळल्या तर एंजिन पुन्हा बांधावे. अशा वेळी अर्धवट दुरुस्ती करू नये. नव्या पिस्टनखाली जुना रॉड ठेवून वाचविलेले पैसे पुढे अनेक पटींनी भरावे लागतात. सर्व भागांची व मजुरीची यादी लिहून बेरीज करावी, आणि अनपेक्षित खर्चासाठी वेगळी रक्कम ठेवावी.

क्रँककेस बेअरिंगाजवळ फुटली आहे, कागदपत्रे नाहीत व यंत्राविषयी घरात कोणाला विशेष आस्था नाही, अशी स्थिती असेल तर ते सुट्या भागांसाठी जाणत्या माणसास देणे उत्तम. त्याचा मॅग्नेटो, गिअरबॉक्स किंवा सिलिंडरचे डोके दुसऱ्या एखाद्या मोटारसायकलीला जीवदान देऊ शकते. नोंदणी रीतसर रद्द करून घेण्यास मात्र विसरू नये.

या दोहोंच्या मधले तिसरे उत्तर पुष्कळांना सुचत नाही. ते म्हणजे एंजिन आज न बांधता नीट जपून ठेवणे. पैसा नाही, भाग मिळत नाहीत किंवा कारागिराची खात्री वाटत नाही, म्हणून घाईने ते मोडीत काढण्याचे कारण नाही. जुने तेल काढून नवे भरावे. सिलिंडरमध्ये थोडे तेल सोडून क्रँक काही फेरे फिरवावा. प्लगचे छिद्र व धुराड्याचे तोंड बंद करावे. टाकी रिकामी ठेवावी. हल्लीच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळलेले असते, ते हवेतील पाणी शोषून घेते व जुन्या रबरी भागांना इजा करते. सुटे केलेले भाग तेलकट कागदात गुंडाळून, चिठ्ठी बांधून, एका पेटीत ठेवावेत. अशा रीतीने ठेवलेले एंजिन दहा वर्षांनीही जवळजवळ तसेच राहते.

थांबलेले यंत्र किती काळ वाट पाहू शकते, याचा दाखला सरोजिनी नगराजवळच चाणक्यपुरीतील राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयाच्या इतिहासात आहे. १८५५ साली इंग्लंडमधील लीड्स येथे बांधलेले ‘फेअरी क्वीन’ हे वाफेचे एंजिन १९०९ मध्ये सेवेतून निवृत्त झाले. मधली अनेक दशके ते केवळ प्रदर्शनीय वस्तू म्हणून उभे होते. या संग्रहालयातही त्याला स्थान मिळाले. दुरुस्तीनंतर १९९७ मध्ये ते पुन्हा रुळांवर धावले व दिल्लीहून अलवारपर्यंत प्रवासी नेऊ लागले. मधल्या काळात कोणीतरी ते भट्टीत न पाठविता राखून ठेवले, म्हणूनच पुढील पिढीच्या तंत्रज्ञांस ते बांधता आले.

कोणताही निर्णय झाला तरी एक काम सर्वांनी करावे. घेतलेली सर्व मापे, सापडलेले दोष, बदललेले भाग आणि त्या-त्या वेळची तारीख एका वहीत लिहून ती वही मोटारसायकलीच्या कागदपत्रांबरोबर ठेवावी. सिलिंडरचे सहा आकडे, क्रँकचे माप, तड्याचे रेखाचित्र एवढ्या नोंदी असल्या, तर पुढे ज्याच्या हाती ते एंजिन येईल त्याला पुन्हा पहिल्यापासून आरंभ करावा लागणार नाही. वडिलांचे यंत्र मुलाला चालविता आले नाही, तरी त्याची खरी स्थिती त्याला ठाऊक असेल, आणि तिच्या आधारे त्याला आपला निर्णय शांतपणे घेता येईल.